गंगाबलच्या कांठीं

प्रवासवर्णनांत लेखकानें घरांतील भांडणें सांगूं नयेत असा शिष्टसंकेत आहे. तो या लेखापुरता आम्ही बाजूस ठेवणार आहों. काश्मिरांतील गंगाबल सरोवरास जाऊन आलेल्या आमच्या मंडळींच्या तोंडीं आज जी गोष्ट आहे ती तेथील हिमशिखराची नसून एका माशाची आहे. आणि तो मासा पाण्याबाहेर येण्यापूर्वीं दोन महिने आमच्या पुण्याच्या घरांत त्याच्यावरून वाद चालला होता.

आमचें घर देशस्थांचें. मातोश्रींनीं आपल्या स्वयंपाकघरांत आजवर अंड्याचें टरफलही येऊं दिलेलें नाहीं. आमचें कुटुंब कारवारकडील सारस्वतांचें. तिच्या माहेरीं मासळीवांचून पान पुरें होत नाहीं. लग्न ठरलें तेव्हां दोघींमध्यें न बोलतांच एक तह झाला : माहेरीं काय हवें तें खावें, सासरीं त्याचें नांव काढूं नये. अठरा वर्षें हा तह दोन्ही पक्षांनीं तंतोतंत पाळला. तो मोडण्यास कारण झाले आमचे तीर्थरूप, आणि तेही आपल्या पश्चात्.

तीर्थरूप १९७६ पासून १९७९ पर्यंत नोकरीनिमित्त श्रीनगरास होते. आमचा जन्मही तिकडलाच. तेथें असतांना एका वरिष्ठ सहकाऱ्याकडून त्यांनीं ट्राउट मासा गळानें धरण्याची विद्या शिकून घेतली. मासा ते स्वतः कधींच खात नसत. धरलेला मासा शेजारीं पाठवून देत. पुण्यास बदली झाली, काठी माळ्यावर गेली, आणि पुढें चाळीस वर्षें तिचा कोणी उल्लेखही केला नाहीं. २०२१ सालीं ते वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर माळा आवरूं लागलों तों एका खाकी कापडाच्या पिशवींत तीन तुकड्यांची ती बांबूची काठी, पितळी चक्री, पिसांच्या बनविलेल्या माश्यांची एक डबी आणि एक लहानशी चोपडी हातीं लागली. चोपडींत तारीख, ओढ्याचें नांव, हवा आणि माशांची संख्या, एवढेंच. शेवटली नोंद अशी : "ऑगस्ट १९७८. त्रुंखोल. दोन दिवस पाऊस. परतलों. गंगाबल राहिलें."

चिरंजीवांचें वय बारा वर्षांचें. त्यानें ती ओळ मोठ्यानें वाचली आणि म्हणाला, "मग आपण जाऊं या." पोराच्या या बोलण्याकडे आम्हीं दुर्लक्षच केलें असतें, परंतु मातोश्री देवघरांतूनच म्हणाल्या, "मी येणार." आम्ही चकित होऊन पाहात राहिलों. लगेच त्यांनीं पुस्ती जोडली, "पण मासे मारायला नव्हे. गंगाबल तीर्थ आहे."

आणि तें खरेंच तीर्थ आहे. काश्मिरी पंडितांना गंगाबल म्हणजे साक्षात् गंगा. भाद्रपद शुद्ध अष्टमीस ते तेथें जात आणि वर्षभरांत वारलेल्या आप्तांच्या अस्थि त्या पाण्यांत सोडीत. श्रीनगरांत हब्बाकदलच्या बाजूस आमचें बिऱ्हाड होतें. शेजारच्या पंडितीणबाईंनीं मातोश्रींना तेथील शेगडी पेटविण्यापासून बाळंतपणापर्यंत सर्व कांहीं शिकविलें. त्यांच्या सासऱ्यांच्या अस्थि गंगाबलमध्यें सोडलेल्या होत्या, आणि "एकदां तुला घेऊन जाईन" असें त्या नेहमीं म्हणत. १९९० च्या आरंभीं पंडितांना खोरें सोडावें लागलें, तेव्हां तें कुटुंबही गेलें. त्यानंतर जम्मूहून दोन पत्रें आलीं. तिसरें आलें नाहीं. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. परंतु मातोश्रींच्या मनांत त्या आमंत्रणाची जागा इतक्या वर्षांनंतरही रिकामीच आहे हें मात्र ठाऊक नव्हतें.

येथें त्या माशाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो मूळचा हिंदुस्थानचा नव्हे. काश्मिरांतील नद्या थंड, उथळ व खळाळत्या. अशा पाण्यांत आपल्या देशचा ट्राउट चांगला वाढेल असें महाराज प्रतापसिंहांच्या कारकीर्दींत तेथें राहणाऱ्या इंग्रजांच्या मनानें घेतलें. १८९९ सालीं विलायतेहून माशाचीं अंडीं आलीं, पण वाटेंतील उष्म्यानें तीं नासलीं. १९०० मध्यें स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती मात्र तगली. श्रीनगरांत गालिचांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं हीं पिलें पोटच्या पोरांप्रमाणें जपलीं. पुढें हारवन येथें त्यांची पैदास सुरू झाली, आणि तेथून खोऱ्यांतील ओढ्यांत व डोंगरांवरील सरोवरांत हा पाहुणा पसरला. या तपकिरी ट्राउटचें सर्व जीवित पाण्याच्या गारव्यावर अवलंबून असतें. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळलेला असतो. तेंच पाणी वीस अंशांच्या वर तापूं लागलें कीं हा कासावीस होतो. थंडीच्या तोंडावर तो सरोवरांतून ओढ्यांत शिरतो. मादी शेपटीनें वाळूखडे उकरून खळगा करते व त्यांत अंडीं घालून पुन्हां खड्यांनीं झांकते.

ज्या १९०० सालीं हा मासा काश्मिरांत जगला त्याच सालीं ऑरेल स्टाइन यांचें कल्हणाच्या राजतरंगिणीचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. स्टाइनसाहेबांचा उन्हाळी तळ गंगाबलच्याच वाटेजवळ, मोहंदमर्ग येथें असे. राजतरंगिणीचें आणखी एक इंग्रजी भाषांतर १९३५ सालीं प्रसिद्ध केलें तें आपल्या कोंकणच्या मूळ घराण्यांतील रणजित सीताराम पंडित यांनीं. आमच्या कुटुंबानें ही माहिती ऐकतांच, "म्हणजे आमच्यातलेच," असें सांगून घेतलें.

२०२२ च्या ऑगस्टांत आम्ही पांचजण श्रीनगरास पोंचलों. तेथें मत्स्यखात्याचा परवाना काढला. कोठें, कोणत्या दिवशीं आणि किती मासे धरावे याचे नियम त्यावर असतात; लहान मासा पाण्यांत परत सोडावा लागतो. दुसऱ्या दिवशीं सिंध नदीच्या कांठानें कंगनपर्यंत व तेथून वांगत खोऱ्यांत शिरून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील नारानाग गांठलें. हें गांव लहान. पण देवदारांच्या छायेंत येथें जुन्या शिवमंदिरांचे दोन समूह भग्नावस्थेंत उभे आहेत. कल्हणानें ज्याला भूतेश म्हटलें तें हेंच स्थान, आणि आठव्या शतकांतील ललितादित्य राजानें त्यास दिलेल्या देणग्यांचाही त्यानें उल्लेख केला आहे. छपरें गेलीं, भिंतींचे प्रचंड चिरे मात्र असे बसलेले, कीं सांध्यांत नख शिरूं नये. एका अखंड दगडाच्या कुंडांतील पाण्यानें मातोश्रींनीं डोळ्यांस हात लावला आणि त्या बराच वेळ तेथेंच बसून राहिल्या.

नारानागहून गंगाबल पंधरा किलोमीटर आहे असें सांगतात. हा आंकडा फसवा आहे. सपाटीवरील पंधरा किलोमीटर आणि दीड हजार मीटर चढून जाण्याचे पंधरा किलोमीटर यांत ब्रह्मदेवानें जेवढें अंतर ठेवलें आहे तेवढें आम्ही पहिल्या तासांतच मोजलें. मातोश्रींसाठीं घोडें घेतलें होतें. परंतु चढ इतका उभा, कीं अर्धी वाट त्यांनीं वाटाड्याच्या हातास धरून पायींच काढली. हे वाटाडे पन्नाशीचे गुज्जर गृहस्थ. मुलें त्यांस चाचा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणूं लागलों. ते मातोश्रींस पहिल्या दिवसापासून 'अम्माजी' म्हणत. देवदारांचें रान संपलें कीं भूर्जाचीं झाडें लागतात, आणि तींही संपलीं म्हणजे एकाएकीं त्रुंखोलचें विस्तीर्ण कुरण उघडतें. मेंढ्यांचे कळप, गुज्जरांचीं मातीच्या छपरांचीं बुटकीं घरें, आणि समोर हरमुख. त्याची उंची ५,१४२ मीटर. पण डोंगराची भव्यता आंकड्यानें कळत नाहीं. वाटेंत लष्कराच्या चौकीवर ओळखपत्रें दाखवावीं लागलीं. त्या तरुण जवानानें मातोश्रींचें वय वाचून त्यांस आधीं बसावयास खुर्ची दिली.

त्रुंखोलला येतांच चिरंजीवानें चोपडी काढली. "आजोबा येथून परतले," तो म्हणाला. आकाश निरभ्र होतें. कोणीच कांहीं बोललें नाहीं.

मुक्काम नुंदकोलच्या कांठीं. हें धाकटें सरोवर हरमुखाच्या अगदीं कुशींत असून वर लोंबणाऱ्या हिमनदीचें पाणी त्यांत उतरतें; गंगाबल त्याहून थोडें वर, सुमारें अडीच किलोमीटर लांब, आणि त्याचें पाणी ओढ्यानें नुंदकोलमध्यें येतें. रात्रीं तंबूपुढें शेकोटी पेटली आणि पुण्यांतला वाद पुन्हां उभा राहिला.

"ज्या पाण्यांत लोकांनीं आपल्या माणसांच्या अस्थि सोडल्या, त्या पाण्यांतला मासा धरायचा?" मातोश्री म्हणाल्या.

आमचें कुटुंब वादांत सहसा पडत नाहीं. त्या दिवशीं पडलें. "आई, तुम्हींच नाहीं का सांगत, त्या तुमच्या शेजारीणबाई पौषांत मासा आणि भात रांधून घरच्या देवाला ठेवीत म्हणून? तेही ब्राह्मणच कीं!"

ही गोष्ट खरी. काश्मिरी भाषेंत माशास 'गाड' आणि भातास 'बत्त' म्हणतात, आणि घराच्या रक्षक देवतेस मासा व भात अर्पण करण्याचा गाडबत्त नांवाचा कुळाचार पंडितांकडे पौष महिन्यांत होतो. मातोश्रींनीं तो १९७६ सालीं प्रथम पाहिला तेव्हां त्या दोन दिवस शेजारीं गेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशीं बाईच यांच्याकडे आल्या, आणि कांहीं न बोलतां यांच्या शेगडीवर यांच्या भांड्यांत चहा करून प्यायल्या. या आठवणीनें मातोश्रींचा स्वर खालीं आला. पण मत बदललें नाहीं.

तेव्हां आम्हीं सुशिक्षितांस शोभेल अशी तडजोड सुचविली. परदेशांत पुष्कळ लोक मासा धरतात, पाहतात आणि गळ काढून परत सोडून देतात, तसें करावें. हिंसा नाहीं, आणि मुलाची हौसही भागेल. आम्हांस वाटलें, आतां सर्व पक्ष आनंदानें मान डोलावतील. मुलीनें अर्धवट डोलावलीही. पण चाचा विस्तव सारीत होते, त्यांनीं विचारलें, "साहेब, खायचा नाहीं तर धरायचा कशाला?" आम्हीं खेळाची कल्पना समजावून सांगितली. ते म्हणाले, "भूक लागली म्हणून मारला तर त्याचा जाब मी अल्लाला देऊं शकतों. तोंडांत कांटा घालून गंमत पाहिली आणि सोडला, तर काय सांगूं?"

"हा माणूस बरोबर बोलतो," मातोश्री म्हणाल्या.

अशा रीतीनें आमची तडजोड तिला जन्म देऊन दोन मिनिटें होण्याच्या आंत निकालांत निघाली. मातोश्रींनीं मग आपणच न्याय दिला. यात्रेकरू जेथें स्नान करतात त्या कांठीं काठी नेऊं नये. मासा एकच. तो सांपडला तर ज्यांनीं खायचा त्यांनीं खाल्लाच पाहिजे. आणि ज्यानें धरला त्यानें तो दुसऱ्याकडून मारवूं नये. शेवटलें कलम ऐकून चिरंजीव गप्प झाला, आणि त्या रात्रीं बराच वेळ कूस बदलीत होता हें आम्हीं ऐकलें.

सकाळीं गंगाबलवर गेलों. वारा अजून सुटला नव्हता. सबंध हरमुख उलटा पाण्यांत उतरला होता. आम्हीं त्या हाडें गोठविणाऱ्या पाण्यांत तीन बुड्या मारून तीर्थरूपांचें तर्पण केलें. त्यांच्या अस्थि नाशकास सोडल्या होत्या; येथें सोडण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. मुलीनें कुरणांतलीं निळींजांभळीं फुलें वेंचून आणलीं होतीं. मातोश्रींनीं त्यांतलीं निम्मीं तीर्थरूपांच्या नांवानें पाण्यांत सोडलीं आणि निम्मीं शेजारीणबाईंच्या सासऱ्यांच्या नांवानें. बाईंचें नांव मात्र घेतलें नाहीं. त्या हयात आहेत असें धरून चालणें त्यांना बरें वाटलें असावें. बंद पडलेली येथील यात्रा २००९ पासून पुन्हां निघूं लागली आहे. त्या वाटेनें त्या एखादे वर्षीं येऊनही गेल्या असतील.

नंतर चाचांनीं दाखविलेल्या लांबच्या कांठावर आम्ही गेलों. ट्राउटची शिकार आपल्याकडील गळ टाकून बसण्यासारखी नसते. आमच्या कुटुंबाच्या माहेरीं गरीला कोळंबी लावून तासन्‌तास बसतात, त्याला तिकडे 'गरवणें' म्हणतात; येथें आमिष म्हणून असते पिसें व रेशीम गळास गुंडाळून केलेली खोटी माशी, आणि ती वजनानें नव्हे तर जाड दोरीच्या झोंकानें पुढें फेंकावी लागते. काठी मागें न्यावयाची, दोरी मागें सरळ होईतों क्षणभर थांबावयाचें, मग पुढें. या क्षणभर थांबण्यांतच सर्व विद्या आहे, आणि बारा वर्षांच्या मुलास नेमकें तेंच जमत नाहीं. पहिल्या तासांत चिरंजीवाची माशी दोनदां बहिणीच्या टोपींत आणि एकदां आमच्या बाहींत अडकली. चाळीस वर्षांची जुनी काठी मोडते कीं काय ही आम्हांस धास्ती. चाचांनीं शेवटीं त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि दहापंधरा वेळां काठी त्याच्याबरोबर हलविली.

प्रथम लागला तो वीतभरही नव्हता. तो नियमानें सोडावा लागला. हा 'एक' धरायचा कीं नाहीं यावर क्षणभर खल झाला, मातोश्री लांब दगडावर जप करीत बसल्या होत्या, त्या तेथूनच म्हणाल्या, "तो मोजायचा नाहीं." त्या जपाकडे किती लक्ष देत होत्या हें त्यावरून कळलें.

साडेनवाच्या सुमारास वारा सुटला, पाण्यावर बारीक लाटा उठल्या, आणि त्या लाटांखालीं माशी दिसेनाशी होतांच दोरी एकदम ताठ झाली. चक्री कर्कश वाजूं लागली. चिरंजीव पांढराफटक पडला. चाचा ओरडले, "ओढूं नकोस, जाऊं दे!" मासा पळाला, थांबला, पुन्हां पळाला, एकदां हवेंत उसळला तेव्हां त्याचें पिवळसर पोट आणि अंगावरचे तांबडे ठिपके आम्हीं सर्वांनीं पाहिले. पांच मिनिटें गेलीं असतील कीं पंधरा, सांगतां येत नाहीं. अखेर चाचा गुडघाभर पाण्यांत शिरले आणि जाळींत घालून त्यास वर घेऊन आले. हातभर नव्हे, पण चिरंजीवाच्या कोपरापासून बोटांच्या टोंकापर्यंत भरेल एवढा. तांबड्या ठिपक्यांभोंवतीं फिकट वलयें. इतकें सुंदर जनावर आम्हीं जवळून प्रथमच पाहात होतों. गळ घशांत खोल गेला होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतें. सोडला असता तरी तो जगला नसता.

चिरंजीव त्याच्याकडे पाहात उभा राहिला. मग वळून त्यानें विचारलें, "आजी, आजोबा काय करायचे गं?"

मातोश्री उठून जवळ आल्या होत्या. त्यांनीं खरें तें सांगितलें. "ते पाठ करून उभे राहायचे. बरोबरचा माणूस मारायचा."

चाचांनीं हात पुढें केला, पण मुलानें दिलें नाहीं. एक वाटोळा धोंडा उचलून त्यानें माशाच्या डोक्यावर मारला. पहिला घाव नीट बसला नाहीं. दुसरा बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतें आणि तें पुसावयास हात मोकळा नव्हता, म्हणून आमच्या कुटुंबानें पदरानें पुसलें. मातोश्री तेथेंच उभ्या होत्या. त्यांनीं पाठ फिरविली नाहीं.

चाचांनीं मासा साफ करून एका सपाट तापलेल्या दगडावर ठेवला. मीठ आणावयास ते तंबूकडे जाऊं लागले तेव्हां मातोश्रींनीं आपला फराळाचा डबा उघडला. या डब्यास सबंध प्रवासांत आम्हांपैकीं कोणी हात लावलेला त्यांस खपला नव्हता. त्यांतली मीठ-हळदीची पुडी सोडून त्यांनीं चिमटीनें दोन हात उंचीवरून माशावर भुरभुरविली. भांडें कोठेंही टेकूं दिलें नाहीं. सुनेकडे न पाहतां म्हणाल्या, "कोकम असतें तर बरें, नाहीं का?"

"आहे माझ्याजवळ," आमचें कुटुंब म्हणालें, आणि पर्सच्या आंतल्या कप्प्यांतून एक कागदी पुरचुंडी निघाली. अठरा वर्षांच्या तहांत असा किती चोरटा माल आमच्या घरांत वावरत होता कोण जाणे. मातोश्री हंसल्या.

त्यांनीं स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगास बसून दशमी आणि गूळ खाल्ला. मुलीनें दोन घांस घेतले व पुरे म्हणाली. आम्हीं आयुष्यांत प्रथम मासा तोंडांत घातला. त्याच्या चवीविषयीं मत देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. चिरंजीवानें मात्र आपल्या वांट्याचा सबंध तुकडा हळूहळू, एकही कांटा न गिळतां संपविला. शीर आणि कांटे चाचांनीं लांब नेऊन दगडाखालीं पुरले.

उतरतांना त्रुंखोलच्या कुरणांत घोडीं विसांव्यास थांबलीं तेव्हां त्यानें चोपडी काढली. आजोबांच्या ओळीखालीं तारीख लिहिली. मग 'गंगाबल' लिहिलें, 'निरभ्र' लिहिलें आणि 'मासे' पुढें 'एक' लिहून आजीस दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें वाचलें, आणि "निरभ्र कसें? साडेनऊनंतर वारा होता, तोही लिही," असें सांगून चोपडी त्याला परत दिली.